नानांचं वारं आणि तात्यांचा उत्साह

परवा भाचा मोबाईलवर एक फोटो दाखवायला आला. आमच्या गावाच्या फाट्यावर लागलेला फ्लेक्स होता. मधोमध रंभाजी तात्या, डोक्याला फेटा, दोन्ही हात जोडलेले. खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत ‘उत्साहाचा झरा आटला’. मी चष्मा लावून पुन्हा एकदा वाचलं आणि मला हसू आवरेना. भाचा म्हणाला, “आत्या, माणूस गेलाय.” म्हटलं, “म्हणूनच हसतेय.” गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हा नियम कुणी केला असेल याचा मला अंदाज आहे. ज्यांच्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं त्यांनीच तो केला असणार. मी तो पाळणार नाही. नगरला शाळेत जन्मभर मराठी शिकवलं, ‘यात्रा मोठ्या उत्साहात पार पडली’ या वाक्याखाली लाल रेघ ओढता ओढता हात दुखले, पण त्या शब्दावर माझा एवढा राग का, हे वर्गात कधी सांगता आलं नाही. इथं सांगते.

आमच्या घरात उत्साह हा शब्दच नव्हता. वारं होतं, अंगात येणारं. नाना, म्हणजे माझे वडील, खंडोबाचे भगत होते. पुणतांब्याच्या अलीकडे, गोदावरीच्या काठापासून हाकेच्या अंतरावर आमचं गाव. चंपाषष्ठीच्या यात्रेला नाना देवळापासून वेशीपर्यंत बारागाड्या ओढायचे. एकामागं एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, प्रत्येकीत दाटीवाटीनं उभी राहिलेली माणसं, पुढं बैल नाहीत, कासरा नाही. एकटा माणूस कमरेला दोर बांधून ओढतो. हा मान आमच्या घराण्याकडं आजोबांच्याही आधीपासून होता. एरवी नाना अगदी मवाळ माणूस. चहा गार झाला तरी तसाच पिऊन घेतील, मीठ कमी पडलं तरी बोलणार नाहीत. उसाला पाणी द्यायचं, म्हशीशी बोलायचं आणि संध्याकाळी ओट्यावर बसून आडकित्त्यानं सुपारी कातरायची, एवढाच त्यांचा आवाज घरात असायचा. पण मार्गशीर्ष लागला, खंडोबाचं नवरात्र बसलं की ते घरातून उठून देवळात घोंगडीवर झोपायला जायचे, एक वेळच जेवायचे, आणि घरी आले तरी पाहुण्यासारखे दारातच बसायचे.

त्या दिवसांत आमच्या स्वयंपाकघराला एक वेगळीच घाई असायची. आषाढापासून घरात वांगं नाही की कांदा नाही. चंपाषष्ठीला तो नेम सुटायचा. आई, तिला आम्ही सगळे बाई म्हणायचो, गोवऱ्यांच्या आरात वांगी भाजायला टाकायची, शेजारी बाजरीचे रोडगे, आणि त्या करपट गोड वासानं अख्खी आळी भुकेजून जायची. पातीचा कांदा चिरताना डोळ्यांत पाणी यायचं आणि ते कुणाला वाईट वाटायचं नाही. नैवेद्य दाखवून झाल्याशिवाय बोट लावायचं नाही असा दंडक होता. मी दरवर्षी पातेल्याच्या कडेचं भरीत बोटानं पुसून खायची आणि दरवर्षी बाईचा मार खायची.

पण सणाच्या दिवशीचं आमचं पहिलं काम चुलीपुढचं नव्हतं. त्या बारा गाड्या देवळाच्या मालकीच्या, जुन्या लाकडी चाकांच्या, वर्षभर लिंबांच्या झाडांखाली उन्हापावसात उभ्या असत. गावात तोवर सगळ्यांकडं टायरगाड्या आल्या होत्या, दोघातिघांकडं ट्रॅक्टरही. लाकडी चाकाची गाडी वापरात अशी उरलीच नव्हती. तर पहाटे, थंडीनं दात वाजत असताना, बाई आणि मी एरंडेलात चिंध्यांची राख कालवून केलेलं काळं वंगण घेऊन जायचो. खीळ काढायची, आखाखाली, म्हणजे चाकांमधल्या दांड्याखाली, लाकूड लावून गाडी तोलून धरायची, चाक जरासं बाहेर ओढायचं, लोखंडी आखावर हातानं वंगण चोपडायचं, पुन्हा खीळ ठोकायची. कोपरापर्यंत हात काळे व्हायचे आणि ते काळं पुढं आठवडाभर भाकरीच्या पिठात दिसायचं. हे काम कुणी सांगितलं नव्हतं. भगताच्या घरच्या बायका करायच्या म्हणून करायच्या, आणि पुरुष देवळात अभिषेकाला असायचे म्हणून कुणी बघितलंही नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, “बाई, मंग गाड्या वंगनानं चालत्यात का देवानं?” ती म्हणाली, “आख कोरडा असल तर देव तरी काय करनार? आन नुसत्या वंगनानं चालल्या असत्या तर उद्या तूच वढ.” मला ते उत्तर तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

कारण वारं खरं होतं. मी ते दर वर्षी हातभर अंतरावरून पाहिलंय. नाना थरथरायचे नाहीत, घुमायचे नाहीत. संबळ वाजायला लागलं की आधी त्यांना जांभया यायच्या, एकामागून एक, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग चेहरा असा मोकळा व्हायचा, जसं कुणीतरी घर झाडून सामान बाहेर काढावं. आपल्याकडं बघायचे पण आपण दिसायचो नाही. मग दोघं जण दोन बगलांत हात घालून त्यांना पहिल्या गाडीशी आणायचे, दोर बांधायचे, आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ म्हणत सगळ्या गाड्यांतली माणसं एकदम पुढं झुकायची. तो झोका मला फार आवडायचा. बारा गाड्यांचा एकच श्वास. पहिलं चाक फिरायचं आणि मग भंडाऱ्याच्या पिवळ्या धुळीत काही दिसायचं नाही. वेशीजवळ नाना खाली बसायचे, घोटभर पाणी मागायचे आणि ते पाणी मी द्यायची. हा माझा मान. पाणी पिऊन ते पहिला शब्द बोलायचे तो, “झालं का?” त्यांना खरंच काही आठवत नसायचं. ‘मी ओढल्या’ असं ते कधी बोलले नाहीत.

आता रंभाजी तात्या. ते आमच्या भावकीतले, नानांपेक्षा धाकटे. मंडप आणि लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा त्यांचा धंदा. लग्न असो, बारसं असो, दहावं असो, आवाज तात्यांचा. ते यात्रा कमिटीचे अध्यक्ष झाले आणि पहिल्यांदा देवळाच्या शिखराला कर्णे लागले. त्याबरोबर गावात तो शब्द आला. “ग्रामस्थांनी उत्साहात सहभागी व्हावे.” “तरुणांचा उत्साह ओसंडून वाहत आहे.” जिथं संबळ एकटं वाजायचं तिथं आता तात्या बोलायचे, आणि संबळवाला बिचारा त्यांचं वाक्य संपायची वाट पाहत थांबायचा. नानांना एकानं विचारलं, “हे उत्साह म्हंजे काय वो भगत?” नाना म्हणाले, “आसल काई तरी. खपत नसल, म्हनून मोठ्यानं सांगतोय.” नानांनी केलेला विनोद मला एवढा एकच आठवतो.

मी सोळा वर्षांची असतानाची यात्रा. तात्यांनी साखर कारखान्याचे कुणी पाहुणे बोलावले होते. त्यांना पहिल्या गाडीत उभं केलं, त्यांच्यामागं कर्णे, बॅटऱ्या आणि भलामोठा जनरेटर चढवला. बाकीच्या गाड्यांत आधीच पाय ठेवायला जागा नव्हती, तरी माईकवरून चालूच, “चढा, चढा! उत्साह दाखवा! पाव्हण्यांना दिसू द्या आपलं गाव!” बाई माझ्या कानाशी म्हणाली, “ह्या मानसाला कुनीतरी गप करा.” कोण करणार? नानांना तोवर वारं आलं होतं, ते या जगात नव्हते. गाड्या हलल्या, चालल्याही, पण वेशीच्या उतारावर तो जनरेटरचा बोजा असा मागून आला की नानांना बाजूला व्हायला वेळच मिळाला नाही. चाक त्यांच्या पायावरून गेलं. आवाज मला ऐकू आला. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. त्यानंतर लगेच कर्ण्यातून आवाज आला, “घाबरू नका, घाबरू नका, उत्साह कमी होऊ देऊ नका.” नाना धुळीत पडले होते, पांढरे पडले होते, आणि वरून उत्साह चालू होता.

आता कुणीतरी विचारणारच होतं की जनरेटर कुणी चढवला. तात्यांनी तशी वेळच येऊ दिली नाही. नानांना टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं त्याच संध्याकाळी, देवळापुढं, माईकवर नाही पण माईकवरून बोलल्यासारखंच ते बोलले, “देव कोपला. कोपंल न्हाई तर काय? भगताच्या पोरीला म्या पहाटं गाड्यांपाशी बघितलं. विटाळशी हुती. विचारा तिला.” मला कुणी विचारलं नाही. असलं विचारत नाहीत, नुसतं मान्य करतात. त्या दिवशी मला काही नव्हतं. माझ्या आईला हे पक्कं ठाऊक होतं, आणि तिनं ते आळीत दारोदार सांगितलं. बायकांनी माना डोलावल्या आणि मी विहिरीवर गेले की आपापल्या घागरी बाजूला ओढून घ्यायला लागल्या. वर्गातल्या मुली मला बघून कुजबुजायच्या. एक पोरगं रस्त्यानं ओरडत गेलं, “देव बाटवला, देव बाटवला!”

हे सगळं मी गिळलं असतं. पण नानांनी तात्यांवर विश्वास ठेवला. दवाखान्यातून काठी घेऊन आले, ओट्यावर बसले, आणि मी नेहमीसारखा पाण्याचा तांब्या पुढं केला तर म्हणाले, “ठिव तिथं. तुझी आई दील.” आवाज चढवला नाही, रागावले नाहीत. तेवढंच. त्या दिवसापासून माझ्या हातचं पाणी नाही, भाकरी नाही, मी पुढं केलेला आडकित्तासुद्धा नाही. बाई त्यांच्याशी भांडली, रडली. “पोटच्या पोरीपरीस त्या भोंग्याचं खरं मानता?” नाना गप्प. आज त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी मोठी आहे आणि ते का गप्प राहिले हे मला कळतं. देवानं काही कारण नसताना आपल्याला चाकाखाली टाकलं, हे मानण्यापेक्षा पोरीनं टाकलं हे मानणं त्यांना सोपं होतं. कळतं म्हणून मी माफ केलंय असं मात्र कुणी समजू नये.

मी तेव्हा तापट होते, आताही आहे. एकदा विहिरीवर त्या घागरी ओढणाऱ्या बायांपैकी एकीची घागर मी लाथेनं पालथी केली. लगेच आळीभर झालं, “भगताच्या पोरीच्या अंगात आलंय.” मी घरी येऊन बाईला म्हटलं, “नानांच्या अंगात येतं तर लोक पाया पडत्यात. माज्या अंगात आलं तर शिव्या का?” बाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंही नाही. “गड्याच्या आंगात आलं तर देव. पुढाऱ्याच्या आंगात आलं तर उत्साव का काय तुमचा तो. बाईच्या आंगात आलं तर थेरं. जा, म्हशीला पानी दाव.” मी पुढं बीए केलं, बीएड केलं, पण या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला कुठल्या कोशात सापडला नाही. आता माझी नात म्हणते, “आजी, तुझी एनर्जी भारी आहे.” म्हणजे कोशात अजून एक भर पडली, एवढंच.

वर्ष सरलं. नानांच्या पायात आता गाड्या ओढण्याची ताकद नव्हती. पारावर बैठक भरली आणि तात्यांनी जाहीर केलं की गावाच्या इच्छेखातर यंदा बारागाड्या ते स्वतः ओढतील. मान आमच्या घरातून गेला. मग तात्या म्हणाले, “आन यंदा पावित्र्य राखायचं. नवरात्र बसल्यापासून एकाबी बाईनं गाड्यांच्या आवारात पाऊल टाकायचं न्हाई. मंग ती कुनाचीबी आसो.” ‘कुनाचीबी’ म्हणताना ते आमच्या आळीकडं बघत होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लिंबाच्या झाडांना दोर बांधून आवार बंद केलं, आणि तात्यांचा मेहुणा तिथं काठी घेऊन बसला.

मी तणतणत घरी आले. बाईला सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं एक पातेलं विसळून पालथं घातलं, मग दुसरं. मग म्हणाली, “हात लावायचा न्हाई म्हनलं ना?”

“व्हय.”

“मंग न्हाई लावायचा.” आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या तोंडावर हसू नव्हतं, पण डोळे असे चमकत होते की मला एकदम सगळं उमगलं. “तोंडबी उघडायचं न्हाई, सुमे. गावानं सांगितलं, आपन ऐकलं. आपन काय वाईट केलं?” त्या वर्षी एरंडेल तेल बाजारातून आणलंच नाही. चिंध्या जाळल्या नाहीत. ते नवरात्रातले सगळे दिवस मी इतकी आनंदात होते की आळीतल्या बायकांना वाटलं, पोरीचं लग्न ठरलं. रोज शाळेला जाताना मी आवाराच्या दोराबाहेर थांबून त्या बारा गाड्यांकडं बघायची. त्या वर्षी पाऊसही लांबला होता. आखांवर तांबूस गंज चढला होता, आणि तो मला भंडाऱ्यापेक्षा सुंदर दिसत होता.

चंपाषष्ठी आली. आम्ही बायका दोराबाहेर, लिंबाच्या पारावर. नाना देवळाच्या ओट्यावर काठी टेकून बसलेले. तात्या पिवळेधमक होऊन आले. संबळ सुरू झालं आणि दुसऱ्याच ठोक्याला ते थरथरायला लागले. मेहुण्यानं माईक त्यांच्या तोंडाशी धरला होता, आणि तात्यांनी स्वतःच जाहीर केलं, “वारं आलं! आलं, आलं! उत्साहानं म्हना, येळकोट!” बाईनं पदर तोंडात कोंबला. दोर बांधला. बारा गाड्यांतली माणसं पुढं झुकली. तात्यांनी जोर केला. पहिल्या गाडीतून करकर असा एक लांब आवाज आला, दार उघडावं तसा, आणि थांबला. पुन्हा येळकोट, पुन्हा जोर. करकर. चाक तसूभर सरकलं आणि जागच्या जागी आवळलं. मागून पोरांनी ढकललं. तात्यांच्या मानेच्या शिरा टरारल्या, भंडारा घामानं ओघळून त्यांच्या धोतरावर आला. गाडीतून कुणीतरी म्हणालं, “तात्या, उत्साह कमी पडतोय!” आणि हशा पिकला. कर्ण्यांतून तात्यांचं धापा टाकणं अख्ख्या यात्रेला ऐकू जात होतं. मी ते ऐकत होते. तसं सुख मला पुढं नोकरीच्या ऑर्डरनंही दिलं नाही.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. मी वाटच बघत होते. “ती बघा!” ते ओरडले. “ती हितं हुभी हाय. तिची सावली पडली. म्या सांगितलं हुतं!” सगळी यात्रा वळून माझ्याकडं बघायला लागली.

आणि नाना उठले. काठी टेकत, पाय ओढत ते पहिल्या गाडीपाशी आले. त्यांना तो करकर आवाज कळला होता. चाकांचा आवाज त्यांना माणसांच्या आवाजापेक्षा जास्त कळायचा. वाकून त्यांनी आखाला बोट लावलं आणि ते तांबडं बोट वर धरलं. “रंभा, देवाला आन पोरीला काय बोलतो? आख कोरडा हाय. वंगन कुनी घातलं न्हाई.”

“वंगन कोन घालीत हुतं?” तात्यांनी विचारलं. खरंच विचारलं. मला गाड्यांपाशी बघितलं म्हणणाऱ्या माणसाला मी तिथं काय करत होते हे माहीत नव्हतं.

नानांनी बोट धोतराला पुसलं. “माज्या घरच्या बाया,” ते म्हणाले. “ही पोरगी.”

तात्या दोरासकट माझ्या दिशेनं जेवढं येता येईल तेवढे आले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. “सुमे, पोरी, घाल की दोन थेंब. गाव ताटकळलंय. कुनी काय म्हननार न्हाई.” मेहुणा माईक धरूनच होता. मी आवाराच्या दोराखालून आत गेले. गाडीपाशी नाही गेले, माईकपाशी गेले. त्या क्षणी मला जांभई आली. एक, मग दुसरी. मला माणसं दिसेनाशी झाली. मी म्हणाले, “मला विटाळ हाय, तात्या.” आणि ते कर्ण्यांतून देवळावर, वेशीवर, पाळण्यांवर, रेवडीच्या दुकानांवर, नदीपलीकडच्या गावापर्यंत गेलं. पुरुषांनी माना खाली घातल्या. गाड्यांतली माणसं एकेक करून खाली उतरायला लागली. त्या वर्षी बारागाड्या जागच्या हलल्या नाहीत, आणि तात्यांच्या कमरेचा दोर सोडायलासुद्धा कुणी थांबलं नाही.

मी भानावर आले तेव्हा नाना माझ्यासमोर उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी देवळाच्या ओट्यावरचा तांब्या उचलून माझ्या हातात दिला आणि स्वतःची ओंजळ पुढं धरली. “पानी घाल, सुमे,” ते म्हणाले. “तुज्या हातानं.” वर्षभर मी याचीच वाट पाहिली होती. त्यासाठी रडले होते, नवस बोलले होते. तांब्या गार होता.

“शिवू नका, नाना,” मी म्हणाले. “तुमाला ऐकू आलं न्हाई का? विटाळ हाय मला.”

ते खोटं होतं, आणि माझ्या तोंडाकडं बघता बघता ते खोटं आहे हे त्यांना कळलं. मग मागच्या वर्षीचंही कळलं. त्यांनी ओंजळ हळूहळू सोडली. मी तांब्या होता तिथं ठेवला, घरी आले, आणि नैवेद्याची वाट न बघता आरातलं भरीत काढून पोटभर खाल्लं. बाईनं बघितलं. त्या वर्षी तिनं मला मारलं नाही.